सोळास एक: जुन्या डब्यात सापडलेला बिल्ला

दशमी
रविवार, रात्री १०.४०

मंडळी, नमस्कार. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय.

आज सकाळी डेलावेअर नदीकाठच्या लॅम्बर्टव्हिलच्या जुन्या बाजारात गेले होते. आई सांगलीहून आलीय, तिला जुनी भांडी बघायची होती. भांडी काही मिळाली नाहीत, पण एका टेबलाखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिसला. आत बिल्ले. घरी येऊन मोजले तर एक्केचाळीस! राष्ट्राध्यक्षांचे, पिवळ्या हसऱ्या चेहऱ्याचे, कुठल्याशा जत्रेचे, एक दुधाच्या कंपनीचा.

त्यातल्या एकावर जीव जडलाय. आपल्या जुन्या पंचवीस पैशांच्या नाण्याहून किंचित मोठा. वर रुंद जिवणीचा, काळ्याभोर केसांचा एक तरुण माणूस, आणि खाली नुसतं ‘सोळास एक’. नाव नाही, पक्ष नाही, साल नाही. मागे गोल कागद चिकटवलाय, त्यावर ‘व्हाइटहेड अँड होग, नेवार्क’ आणि पेटंटच्या तारखांची माळ. शेवटची तारीख २१ जुलै १८९६. नेवार्क माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे, म्हणून हे वाचून फारच गंमत वाटली.

प्रश्न तीन. हा माणूस कोण? ‘सोळास एक’ म्हणजे काय? आणि कडेला गंजाचे ठिपके आलेत ते कसे काढू? घरात लिंबू आणि खायचा सोडा दोन्ही आहे.

---

भिंगरी

शीर्षक वाचून वाटलं बोका सापडला. डब्यात सोळा पिल्लं आणि एक बोका! आता नीट वाचते.

---

खडीसाखर

सोळास एक म्हणजे सोळा आण्यांचा एक रुपया. सोळा आणे खरी गोष्ट! दुसरं काय असणार?

---

ताळेबंद

खडीसाखर, तुमचा नेम अगदी जवळून गेला. भानगड चांदीचीच आहे, आणि तिचा आपल्या रुपयाशी खराखुरा संबंध आहे. जरा सविस्तर लिहितो, बँकेतून निवृत्त झाल्यावर याच विषयात वाचन चाललंय.

फोटोतला माणूस विल्यम जेनिंग्ज ब्रायन. १८९६ साली वयाच्या छत्तिसाव्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार. अमेरिकेने १८७३ च्या कायद्याने चांदीचा डॉलर पाडणं बंद केलं होतं. पैसा सोन्याला जखडला, चलन आटलं, शेतमालाचे भाव पडत गेले. शेतकऱ्याचं कर्ज मात्र तेवढंच राहिलं. पूर्वी जे कर्ज शंभर पोती गहू विकून फिटलं असतं, त्याला आता दीडशे लागणार, अशी गत. म्हणून शेतकऱ्यांची मागणी होती की टाकसाळ चांदीला पुन्हा उघडा, आणि सोळा औंस चांदी बरोबर एक औंस सोनं हा भाव कायद्याने ठरवा. हाच तो सोळास एक. बाजारात तेव्हा साधारण तीसास एक भाव होता, म्हणजे या मागणीने चलनाचा पूर आला असता. कर्जदाराला तेच हवं होतं, सावकाराला तीच धास्ती होती.

आता आपला संबंध. हिंदुस्थानात १८९३ पर्यंत कोणीही मुंबई किंवा कलकत्त्याच्या टाकसाळीत चांदी नेऊन द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी सोय होती. २६ जून १८९३ रोजी ती बंद झाली. जगातला चांदीचा एवढा मोठा गिऱ्हाईक हटल्यावर भाव धाडकन कोसळला. अमेरिकेतही घबराट होतीच. त्याच वर्षी तिथल्या सरकारने चांदी खरेदीचा कायदा रद्द केला, आणि तीन वर्षांनी दशमीताईंच्या बिल्ल्यातला तरुण शिकागोच्या अधिवेशनात चांदीच्या बाजूने भाषण करून उमेदवारी घेऊन गेला.

या टाकसाळ बंदीची आणि त्यानंतरच्या रुपयाची सगळी चिरफाड बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या १९२३ च्या ग्रंथात आहे. जमलं तर तो वाचा आणि मग हा बिल्ला पुन्हा हातात घ्या.

---

दशमी

ताळेबंदकाका, अंगावर काटा आला. बारा डॉलरच्या डब्यात मुंबईची टाकसाळ निघाली! आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “कर्ज तेवढंच आणि भाव पडलेला, हे मला कशाला समजावतेस? माझं माहेर द्राक्षवाल्यांचं आहे.”

---

अबोली_ठाणे

वाचनखूण साठवली. फार सुंदर प्रतिसाद.

---

जुनाबाजार

शिकागोहून लिहितोय. गेली बावीस वर्षं बिल्ले गोळा करतोय, तेव्हा या धाग्यावर गप्प बसणं शक्य नाही.

दशमी, आधी लिंबू आणि सोडा स्वयंपाकघरात परत ठेवून ये. त्यावर कोणीतरी जाणकार लिहीलच. मी नेवार्कबद्दल सांगतो.

निवडणुकीत छातीवर काहीतरी लावायची चाल अमेरिकेत जुनी. १७८९ मध्ये वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा लोकांनी पितळी गुंड्या कोटाला शिवून घेतल्या होत्या. १८६० मध्ये लिंकनचा छोटा फोटो पत्र्यावर उतरवून, त्याला भोक पाडून दोऱ्याने अडकवायचे. पण या वस्तूंना एक तर खर्च यायचा, नाही तर त्या फार पडायच्या नाहीत. स्वस्त, रंगीत आणि लाखोंनी निघेल असा बिल्ला १८९६ च्या निवडणुकीतच आला, आणि तो नेवार्कमधून आला.

नेवार्कच का? सेल्युलॉइडचा, म्हणजे सुरुवातीच्या प्लॅस्टिकचा, कारखाना १८७० च्या दशकातच तिथे आला होता. हस्तिदंताऐवजी बिलियर्डचे चेंडू कशाचे करता येतील, या खटपटीतून जॉन वेस्ली हयातने सेल्युलॉइड बाजारात आणलं होतं. आणि नेवार्क सोनारकामाचं, बारीक धातुकामाचं गाव. पारदर्शक पापुद्रा इथेच, पत्रा दाबणारे हातही इथेच, छपाईला न्यूयॉर्क शेजारी. व्हाइटहेड आणि होग या दोघांनी १८९२ मध्ये कंपनी काढली आणि लागतील ती पेटंटं मिळवली. रचना साधी: पत्र्याची वाटी, तिच्यावर छापील कागद, त्यावर सेल्युलॉइडचा पापुद्रा, आणि तिन्हींची कड मागे दुमडून एका कड्याने दाबलेली. त्या कड्यात स्प्रिंगसारखी तारेची पिन. सव्वाशे वर्षं झाली, बिल्ला अजून असाच बनतो.

एक सावधगिरीची गोष्ट. मागच्या कागदावर १८९६ आहे म्हणून बिल्ला १८९६ चा, असं समजू नकोस. त्याच तारखांचे कागद कंपनीने पुढे कित्येक वर्षं वापरले. ब्रायन तीनदा उभा राहिला, १८९६, १९०० आणि १९०८, आणि तिन्ही वेळा हरला. सोळास एकची मागणी १९०० च्या जाहीरनाम्यातही होती. बिल्ल्यावर उपाध्यक्षपदाचा उमेदवारही असता तर लगेच कळलं असतं, कारण ते दर वेळी वेगळे होते. तुझा एकट्याचा आहे. माझं मत १८९६ कडे झुकतं, कारण त्या वर्षी हा आकडा एवढा पेटला होता की नाव लिहायचीही गरज नव्हती. समोरच्या मॅकिन्लेचे लोक सोन्याच्या बाजूचे म्हणून कोटावर सोनेरी किडा लावून फिरत! आणि त्याच नेवार्कच्या कारखान्यातून दोघांचेही बिल्ले बाहेर पडत होते.

---

वारणाकाठ

जुनाबाजार, मजा आली. नाव न लिहिता नुसत्या खुणेवर ओळख पटायची, हे आम्हाला लहानपणी पाठ होतं.

१९७७ ला मी चौथीत. गावात जीप आली की आम्ही पोरं धुरळ्यातून मागे पळायचो, कारण मागे बसलेला माणूस मूठभर बिल्ले उधळायचा. पत्र्याचे कमी, पुठ्ठ्याचे जास्त. गाय-वासरू, नांगरधारी शेतकरी, शेकापचा खटारा. आम्हाला पक्षाशी कर्तव्य नव्हतं. ज्याचे बिल्ले कमी वाटले गेले तो महाग. एका खटाऱ्याला तीन गाय-वासरं, असा आमचा भाव होता, आणि त्यावरून मारामाऱ्या व्हायच्या. शाळेच्या सदऱ्याला आतून लावायचे, गुरुजींना दिसू नयेत म्हणून. त्या पिना इतक्या हलक्या की आठ दिवसांत गंजून सदऱ्यावर तांबडा डाग पडायचा. आई तो डाग घासता घासता सगळ्या पक्षांचा उद्धार करायची.

एकही उरला नाही. आज हे वाचताना पहिल्यांदाच त्याचं वाईट वाटलं.

---

सोबती

+१. आमच्याकडे अदलाबदल बोरांवर चालायची. एक पत्र्याचा बिल्ला, ओंजळभर बोरं.

आणि ७ डिसेंबरचा ध्वजदिन कोण विसरलं? शाळेत पैसे दिले की सैन्याचा कागदी झेंडा टाचणीने खिशाला लावून मिळायचा. घरी जाईपर्यंत छाती पुढे काढून चालायचो.

---

टिकटिक

मी पुण्यात बिल्ले बनवतो. कॉलेजची संमेलनं, गणपती मंडळं, ट्रेकचे ग्रुप, यांच्या ऑर्डरी असतात. ४४ आणि ५८ मिलिमीटर हे नेहमीचे साचे.

जुनाबाजार काकांनी सांगितलं ते अगदी तंतोतंत. माझ्या यंत्राला दोन वाट्या असतात. पहिल्या वाटीत पत्रा, त्यावर छापील कागद, त्यावर मायलार या पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा ठेवून दांडा दाबायचा. हे तिन्ही वरच्या साच्यात उचलले जातात. मग दुसऱ्या वाटीत पिनेचं बूड ठेवायचं, फिरवायचं आणि पुन्हा दाबायचं. दुसऱ्या दाबाला एक ‘टक्’ होतं, त्या आवाजावरून कड नीट दुमडली की नाही ते कळतं. कागद केसभर जरी सरकला तरी चेहरा तिरका बसतो, आणि एकदा दुमडलेली कड उलगडत नाही. सुरुवातीला माझे शंभरातले वीस जायचे.

सेल्युलॉइडच्या जागी मायलार आलं एवढाच फरक. १८९६ चा माणूस आज माझ्या यंत्रापाशी उभा केला तर पाच मिनिटांत कामाला लागेल.

---

अभ्रक

मुंबईत संग्रहालयातल्या वस्तूंच्या जतनाचं काम करते. कृपया, कृपया लिंबू नको, सोडा नको, पाणी तर अजिबात नको.

बिल्ल्याचा शत्रू ओल. समोर पापुद्रा असल्यामुळे ती आत येते मागून, दुमडलेल्या कडेतून. एकदा आत गेली की पत्रा गंजतो, गंज कागदात झिरपतो आणि समोर तपकिरी ठिपके दिसायला लागतात. म्हणजे दशमी, तुला दिसतात ते ठिपके पापुद्र्याच्या खाली असण्याची शक्यता जास्त. वरून कितीही घासलंस तरी जाणार नाहीत, उलट पाणी आत जाऊन वाढतील. नखपॉलिश काढायचं द्रावण तर जवळही आणू नकोस, त्यात सेल्युलॉइड विरघळतं.

मऊ कोरड्या कापडाने अलगद पूस, बस. ठेवताना आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, एकेक सुटा. मऊ प्लॅस्टिकच्या हवाबंद पिशव्या नकोत. उन्हात, दिव्याजवळ, गरम माळ्यावर नको. जुनं सेल्युलॉइड झटकन पेट घेतं, हे कायम लक्षात ठेव.

---

रानमेवा

सगळं वाचलं. पण थोडं विरोधी मत मांडू का? हे बिल्ले म्हणजे शेवटी फुकट वाटलेली जाहिरातच ना? कारखान्याने दोन्ही पक्षांना माल विकला, दोघांकडून पैसे घेतले. त्यात ‘सांस्कृतिक इतिहास’ बघणं मला ओढूनताणून वाटतं. शंभर वर्षांनी आजच्या मोबाइलच्या दुकानातले स्टिकरही असेच पूजनीय होणार का?

---

जुनाबाजार

रानमेवा, प्रश्न रास्त आहे. जाहिरात होतीच. त्याच १८९६ च्या सुमारास सिगारेटच्या पाकिटाबरोबर बिल्ले मिळायचे, त्यांवर ‘यलो किड’ हा वर्तमानपत्रातला पिवळ्या झग्यातला पोरगा असायचा. पुढे १९४५ नंतर न्याहारीच्या धान्याच्या खोक्यांतून चित्रकथांतल्या पात्रांचे छोटे बिल्ले आले, शहाऐंशी प्रकारचे. मुलांनी ते पुरे करण्यासाठी आयांना किती खोकी घ्यायला लावली असतील!

पण वाटलेली प्रत्येक वस्तू लोक छातीवर लावत नाहीत. पत्रक हातात घेऊन पुढच्या कोपऱ्यावर टाकता येतं. बिल्ला लावलात की तुम्ही दिवसभर त्या बाजूचे. दुकानदार बघतो, शेजारी बघतो, मालक बघतो. १८९६ मध्ये गिरणीत कामाला असलेल्या माणसाने ब्रायनचा बिल्ला लावून आत जाणं ही लहान गोष्ट नव्हती.

---

निळाई

जुनाबाजार यांच्या शेवटच्या परिच्छेदावर लिहायचंय.

आम्ही नागपूरचे. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे आणि बिल्ल्यांचे ठेले लागतात. माझे वडील दर वर्षी एक पुस्तक आणि बाबासाहेबांचा एक बिल्ला घ्यायचे, आणि वर्षभर तोच लावायचे. पुढच्या दसऱ्याला जुना काढून एका पितळी डबीत ठेवायचा, नवा लावायचा. मी लहान असताना त्यांच्या कामाच्या ठिकाणी एका वरिष्ठाने सांगितलं, “उद्यापासून हे काढून येत जा.” वडील दुसऱ्या दिवशी तो लावूनच गेले. पुढे काय झालं ते त्यांनी घरी कधी बोलून दाखवलं नाही, पण त्या वर्षी त्यांची बदली झाली आणि आम्ही शाळा बदलली, एवढं मला आठवतं.

डबीत तेवीस बिल्ले आहेत. त्या वर्षीचा मला ओळखू येतो, कारण त्याची पिन पुन्हा बसवलेली आहे. अमेरिकेतल्या बिल्ल्यांबद्दल मला फारसं माहीत नाही, पण २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टनच्या नागरी हक्क मोर्च्याचा बिल्ला मी फोटोत पाहिलाय: एक काळा आणि एक पांढरा हात, हातात हात घेतलेले. मोर्च्याआधी आयोजकांनी तो पंचवीस सेंटला विकून निधी उभा केला. तो बिल्ला लावून दक्षिणेतल्या बसस्थानकावर उभं राहताना काय वाटलं असेल, ते मला माझ्या वडिलांमुळे थोडंफार कळतं.

रानमेवा, याला मी जाहिरात म्हणणार नाही.

---

रानमेवा

निळाई, मनापासून लिहिलंत. माझं म्हणणं मागे घेतो. त्या डबीचा फोटो शक्य असेल तर बघायला आवडेल.

---

लंडनचा_पाऊस

निळाई, नमस्कार तुमच्या वडिलांना.

इकडची एक आठवण जोडतो. अण्वस्त्रविरोधी चळवळीचं ते गोलातल्या तीन रेघांचं चिन्ह सगळ्यांना माहीत आहे. जेराल्ड होल्टमने ते १९५८ मध्ये काढलं, ईस्टरच्या ऑल्डरमास्टनच्या मोर्च्यासाठी. झेंड्यांनी इशारे देण्याच्या पद्धतीतली दोन अक्षरं त्यात एकावर एक आहेत. पण त्या चिन्हाचे पहिले बिल्ले पत्र्याचे नव्हतेच, भाजलेल्या मातीचे होते. सोबत चिठ्ठी असायची की अणुयुद्ध झालं तर माणसाने केलेल्या ज्या थोड्या वस्तू त्या आगीतून वाचतील, त्यांत हा बिल्ला असेल. पांढऱ्या मातीवर काळा रंग. बिल्ला कशाचा करायचा यातच त्यांनी सगळं सांगून टाकलं.

---

खडीसाखर

मातीचा बिल्ला! कुंभाराच्या भट्टीतून निघालेला निषेध. हे वाचून मी दोन मिनिटं नुसती बसून राहिले.

---

लंडनचा_पाऊस

आणखी एक, मग थांबतो. डिसेंबर १९८१ मध्ये पोलंडमध्ये लष्करी कायदा लागला. ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार संघटनेचा बिल्ला लावणं धोक्याचं. तर लोकांनी रेडिओत असतो तो छोटासा रेझिस्टर कोटाला लावायला सुरुवात केली. पोलिश भाषेत त्या सुट्या भागाचं नाव आणि ‘प्रतिकार’ हा शब्द एकाच मुळातले. माझ्या कामावर एक पोलिश बाई होत्या, त्यांनी तो अजून जपून ठेवलाय. पाहिला तर दोन तारांचा, रंगीत पट्ट्यांचा, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा तुकडा.

---

अबोली_ठाणे

अवांतर, पण राहवत नाही. आपल्याकडे बिल्ला म्हटलं की आधी हमालाचा पितळी बिल्ला आठवतो, कंडक्टरचा बिल्ला आठवतो. ‘चपराशी’ हा शब्दही तिथलाच. पट्ट्यावर लावायची धातूची खूण म्हणजे चपरास, आणि ती लावतो तो चपराशी. म्हणजे माणसाचं नावच बिल्ल्यावरून पडलं!

इथे एक फरक जाणवतो. हमालाला बिल्ला दुसऱ्याने दिलेला, लावावाच लागणारा. निळाईंच्या वडिलांनी स्वतः विकत घेऊन लावलेला. वस्तू तीच.

---

सोबती

जुनाबाजार काका, एक व्यवहाराचा प्रश्न. मागच्या वर्षी मी ऑनलाइन सहा ‘जुने’ बिल्ले घेतले, मॅकिन्लेपासून रूझवेल्टपर्यंत. सगळे एकसारखे चकचकीत. फसलो का?

---

जुनाबाजार

फोटो न बघता सांगतो, शक्यता आहे. तीन गोष्टी बघ.

मॅकिन्लेचं चित्र थेट पत्र्यावर छापलंय की वर पापुद्रा आहे? चित्र पत्र्यावर छापून मग तो साच्यात दाबायची पद्धत साधारण १९२० च्या आसपास रुळली. १८९६ चा चेहरा थेट पत्र्यावर दिसला की नक्कल समज. दुसरं, दुमडलेल्या कडेवर भिंग लावून वाच. १९७२ च्या आसपास मोठ्या कंपन्यांनी भेट म्हणून जुन्या बिल्ल्यांच्या नकलांचे संच वाटले, त्यांच्या कडेला बारीक अक्षरांत खूण असते. लोक ती खरवडून काढून अस्सल म्हणून विकायला लागले. शेवटी १९७३ मध्ये कायदाच झाला की राजकीय वस्तूंच्या नकलेवर ती बनवल्याचं साल पक्कं उमटवलंच पाहिजे. तिसरं, कड खरवडलेली दिसली तर हातच लावू नकोस.

आणि कोणी तुला कॉक्स आणि रूझवेल्ट दोघांचे चेहरे एकत्र असलेला १९२० चा बिल्ला स्वस्तात देऊ केला, तर हसून पुढे जा. तो या छंदातला कोहिनूर आहे. हरलेली जोडी, प्रचाराला पैसा कमी, म्हणून जोडीचे बिल्ले फार थोडे निघाले. पुढे त्यातला रूझवेल्ट चार वेळा निवडून आला. आज त्याला निदान चांगल्या गाडीएवढी किंमत येते.

---

सोबती

कडेला बारीक अक्षरं आहेत. फसलो. पण आता निदान काय घेतलं ते कळलं. धन्यवाद काका.

---

टिकटिक

दशमीताईंच्या डब्यातल्या पिवळ्या हसऱ्या चेहऱ्याबद्दल कोणीच बोललं नाही! तो हार्वे बॉलने १९६३ मध्ये वूस्टर गावातल्या एका विमा कंपनीसाठी काढला, कर्मचाऱ्यांचं मन रमावं म्हणून. मोबदला एकूण ४५ डॉलर. पहिली ऑर्डर शंभर बिल्ल्यांची होती. १९७० नंतर दुसऱ्यांनी त्याचे कोट्यवधी बिल्ले विकले. मी स्वतः त्याच्या शेकडो ऑर्डरी केल्या असतील, आणि दर वेळी या माणसाची आठवण येते.

---

वारणाकाठ

जुनाबाजार, एक विचारू? तुमच्या बावीस वर्षांच्या संग्रहात तुम्हाला कोरा करकरीत बिल्ला जास्त आवडतो की वापरलेला?

---

जुनाबाजार

खरं सांगतो. पंधरा वर्षं मी फक्त कोरे घेतले. ठिपका नको, चरा नको, पिन सरळ हवी. बाजारात किंमतही त्यालाच. माझ्या कपाटात असे साडेतीनशे बिल्ले आहेत. काल निळाईंचा प्रतिसाद वाचल्यावर कपाट उघडून बघत बसलो. त्यातला बहुतेक एकही कधी कोणी लावलेला नाही. कारखान्यातून निघून खोक्यात राहिले, खोक्यातून माझ्याकडे आले.

---

अभ्रक

काका, तेही हवेत. रंग मुळात कसे होते ते कोऱ्या बिल्ल्यावरूनच कळतं. पण आमच्याकडे नोंद करताना वापराच्या खुणा वेगळ्या लिहितात, दोष म्हणून नव्हे. पिन कुठल्या बाजूला वाकली, चरे कुठून कुठे गेलेत, मागच्या कागदावर घामाचा डाग आहे का. पूर्वी कोणी पिन सरळ करून दिली की छान वाटायचं, आता तसं कोणी केलं की मला वाईट वाटतं.

---

दशमी
शनिवार, सकाळी ९.१५

आठवडाभर कामात होते. सगळे प्रतिसाद आज आईबरोबर चहा घेता घेता वाचले. निळाई, तुमचा प्रतिसाद आईने चष्मा लावून पुन्हा स्वतः वाचला.

बिल्ल्याला लिंबू लावलं नाही. कोरड्या कापडाने पुसत होते. अंगठ्याने जरा जास्तच घासलं गेलं असेल, पुढचा भाग कोमट झाला. आई पलीकडे भाजी निवडत होती, ती एकदम म्हणाली, “अगं, कापूर कुठे लावलास?” मी बिल्ला नाकाशी नेला. खरंच, पुसट कापराचा वास! सोनं-चांदी, शेतकरी, नेवार्क, सगळं बाजूला राहिलं आणि सांगलीच्या घरातलं देवघर डोळ्यांपुढे आलं. हे काय आहे?

---

अभ्रक

कापूरच आहे गं! सेल्युलॉइड कापूर घालूनच करतात, त्याशिवाय ते मऊ होऊन आकार घेत नाही. आईंचं नाक भलतंच तयार आहे. मायलारच्या नकलेला हा वास येणार नाही, म्हणजे तुझा पापुद्रा जुनाच. पण पुन्हा घासू नकोस, एकदा झालं तेवढं पुरे.

---

ताळेबंद

दशमीताई, आईंना माझा नमस्कार सांगा. एक सांगायचं राहिलं होतं. हाच ब्रायन पुढे जगाच्या सफरीवर निघाला आणि १९०६ मध्ये हिंदुस्थानात आला. इथली गरिबी आणि करांचं ओझं पाहून त्याने ‘ब्रिटिश रूल इन इंडिया’ हा खरमरीत लेख लिहिला. त्याच्या प्रती पुढे गदर चळवळीच्या लोकांनी वाटल्या. तुमच्या डब्यातला माणूस आपल्याकडचं कर्ज आणि सारा डोळ्यांनी बघून गेला होता.

---

दशमी

काका, आता तर मी हा बिल्ला कोणाला देणार नाही.

अभ्रक, तुझं ऐकून पिन नीट पाहिली, खिडकीपाशी भिंग लावून. टोक उजवीकडे वाकलंय. आणि जिथे तार कड्यात शिरते तिथे काहीतरी काळं अडकलंय. आधी केस वाटला. केस नाही, लोकरीचा दोरा आहे, अर्ध्या नखाएवढा. कोटाचाच असणार. काढू का?

---

अभ्रक

नको! हात लावू नकोस. फोटो काढ, मागून, पुढून, भिंगातून. तसाच कागदाच्या पाकिटात ठेव आणि पाकिटावर लिहून ठेव की दोरा मूळचा आहे, म्हणजे तुझ्यानंतर कोणी साफ करायला जाणार नाही.

---

जुनाबाजार

दशमी, माझ्या साडेतीनशे बिल्ल्यांत असा एकही दोरा नाही. फोटो आधी मला पाठव.

---

भिंगरी

धाग्यातून धागा निघाला! दशमीताई, आता उरलेल्या चाळीस बिल्ल्यांचे फोटो टाका, दुधाच्या कंपनीपासून सुरुवात करा.